विठ्ठलाचे सहा आकडे



६ ऑक्टोबर २०११ हा दिवस तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्या दिवशी दसरा होता. देवरीत माझे टंकलेखनाचे आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे, तेव्हाही होते. सकाळी दुकान झाडून घेतले, संगणकाला झेंडूची माळ घातली, कीबोर्डावर हळदकुंकू वाहिले, आपट्याची दोन पाने ठेवली. शेतकरी नांगराची पूजा करतो, ड्रायव्हर ट्रकची करतो, तशी आमची ही. हायवेवरून फुलांच्या माळा घातलेले ट्रक रायपूरकडे चालले होते. तेवढ्यात शेजारच्या पानठेल्यावरच्या टीव्हीवर बातमी आली की अमेरिकेत स्टीव्ह जॉब्ज वारले. तिकडची तारीख ५ होती, आपल्याकडे दसऱ्याची पहाट झाली होती. वय अवघे ५६.

मी त्या माणसाने बनवलेले एकही यंत्र कधी हाताळले नव्हते. तरी चुकचुकलो. ज्या दिवशी आपण यंत्राला हार घालतो, त्याच दिवशी यंत्र करणारा गेला, याचे काहीतरी वाटले. पुढचे आठ दिवस वर्तमानपत्रे त्यांच्यावर भरभरून लिहीत होती. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या मनात राहिल्या. एक अशी, की तरुणपणी, १९७४ मध्ये, हा मुलगा गुरूच्या शोधात भारतात आला होता. नीम करोली बाबांना भेटायचे होते. पण बाबांनी आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९७३ मध्ये, देह ठेवला होता. दुसरी अशी, की कॉलेजात तो सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसला होता. अक्षर कसे उभे राहते, दोन अक्षरांत किती जागा सोडावी, हे तिथे शिकला. दहा वर्षांनी त्याचा संगणक बाजारात आला तेव्हा त्यात सुंदर अक्षरे होती. २००५ मध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्याने स्वतःच हे सांगितले.

हे मी दुकानात मोठ्याने वाचत होतो. समोर एक चित्रकला शिक्षक झेरॉक्ससाठी उभे होते. ते म्हणाले, ‘‘त्यांचं ऐकून डोळे पाणावले तुमचे. आपला माणूस तीन वर्षांपूर्वी गेला, तो माहीत आहे का?’’

मला माहीत नव्हता. माउली, तुम्हाला माहीत आहे का?

त्यांचे नाव रघुनाथ कृष्ण जोशी. अक्षरांच्या जगात र. कृ. जोशी म्हणून ओळखले जात. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, अनेक वर्षे जाहिरातीच्या क्षेत्रात काम केले, मग १९८३ पासून पवईच्या आय.आय.टी.मध्ये अक्षर शिकवले. सुलेखनकार होते, कवीही होते. उतारवयात त्यांनी संगणकासाठी भारतीय लिप्यांची अक्षरे घडवली. ५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला, त्यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेल्या देवनागरी अक्षरवळणाचे नाव ‘मंगल’. विंडोज २००० बरोबर ते घरोघरच्या संगणकांत आले. सातबारा असो, दाखला असो, शाळेचे पत्र असो, त्या काळानंतर संगणकावर मराठी पाहिलेल्या बहुतेक प्रत्येक माणसाने ‘मंगल’ पाहिला आहे. घडवणाऱ्याचे नाव मात्र फारच थोड्यांनी ऐकले.

शिक्षक झेरॉक्स घेऊन गेले. मी मात्र खुर्चीत बसून राहिलो. कारण माझ्या कपाटात एक सीडी पडून होती, आणि ती सीडी म्हणजे माझ्या हातून घडलेला एक अपराध होता. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय हा लेख पुढे जायचा नाही.

आमच्या भजनी मंडळाची एक वही होती. चिचगडच्या रस्त्याला, जंगलाला लागून असलेल्या एका गावात आमचे म्हातारे विणेकरी राहत. आम्ही सगळे त्यांना बुवा म्हणायचो. वही त्यांच्या गुरूंच्या हातची. हरिपाठ किंवा काकडा छापील कुठेही मिळतो, त्याची चिंता नव्हती. पण त्या वहीत आमच्या भागातल्या माणसांनी रचलेल्या गौळणी होत्या, भारुडे होती, रोवणीच्या दिवसांत बांधीवर म्हणायची भजने होती. एकूण ६३. शेवटच्या पानावर मंडळाच्या आजवरच्या विणेकऱ्यांची नावे होती.

तुम्हाला आमच्या झाडीपट्टीचे ठाऊक असेल. इथे धान पिकते. आषाढात रोवणी असते आणि कार्तिकात कापणी. तुम्ही पालखीबरोबर वाखरीच्या तळावर पोचता, तेव्हा आमची माणसे गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावत असतात. पंढरी आमच्यापासून पार दुसऱ्या टोकाला. जन्मात एकदा वारी घडली तरी भाग्य. म्हणून आमच्या लोकांनी वारी बांधीवर आणली. त्या वहीत ती होती.

२००३ मध्ये बुवांनी वही माझ्याकडे दिली. म्हणाले, कागद पिवळा पडला, तू संगणकात घाल, म्हणजे कायमची राहील. मी दोन महिने रात्री बसून ती टंकली. एक प्रत छापून दिली, वही परत केली आणि मजकूर सीडीवर उतरवून कपाटात ठेवला. सगळ्यांना सांगितले, आता काळजी नाही, संगणकात आहे.

चार-पाच वर्षांत बुवांच्या घरी पेटीला वाळवी लागली. वही गेली, छापील प्रतही गेली. बुवा निश्चिंत होते. ‘‘त्याच्यापाशी आहे,’’ असे सांगत. तोवर माझा जुना संगणकही बंद पडला होता. नवा घेतला, सीडी घातली, आणि पडद्यावर काय आले? इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. विठोबाचे नाव कुठेच नाही. ज्या अक्षरवळणात मी टंकले होते, ते नव्या यंत्रात नव्हते. शोधून बसवले, तर अर्धी पाने तरीही वाचता येईनात आणि उरलेली सीडी ओरखड्यांमुळे उघडेना. मी ती कपाटात टाकली. बुवांना सांगायचे धैर्य झाले नाही.

आता हे असे का झाले, ते सोपे करून सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. पूर्वी इंग्रजी अक्षरासाठी राखलेल्या आकड्यावर मराठी अक्षराचे चित्र बसवत असत. चित्र जवळ असले तर मराठी दिसे, चित्र नसले की खालचे इंग्रजी उघडे पडे. म्हणजे आपण मराठी लिहिले असे आपल्याला वाटे, यंत्राच्या लेखी मात्र ते मराठी नव्हतेच. वरून टिळा आणि आत भलतेच, असा तो प्रकार.

यावर उपाय निघाला तो युनिकोडचा. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा द्यायचा, तो पुन्हा दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. देवनागरीला १२८ घरे मिळाली, २३०४ पासून २४३१ पर्यंत. माउली, ‘विठ्ठल’ हा शब्द आता यंत्राच्या पोटात सहा आकड्यांचा आहे. व म्हणजे २३५७, वेलांटी २३६७, ठ २३३६, हलन्त २३८१, पुन्हा ठ २३३६ आणि ल २३५४. देहूत, देवरीत, दुबईत, कुठल्याही यंत्रात हेच सहा.

पण नुसत्या आकड्यांनी अक्षर दिसत नाही. वेलांटी लिहिताना व च्या नंतर येते, दिसताना मात्र व च्या आधी दिसली पाहिजे. ठ, हलन्त, ठ असे तीन आकडे आले की त्यांचे जोडाक्षर झाले पाहिजे. रफार डोक्यावर गेला पाहिजे. आणि आपल्या मराठीचा तो अर्धचंद्रासारखा र! ‘वारकऱ्यांचा’ हा शब्द त्याच्याशिवाय लिहिताच येत नाही. आमचे ‘पऱ्हे’ही नाहीत. हिंदीला तो लागत नाही, आपल्याला लागतो. अशी एकेक रीत शिकून मग अक्षराचे वळण घडवायचे, आणि तेही अशा पडद्यासाठी की ज्यावर एका अक्षराच्या वाट्याला मोजके ठिपके येतात. र. कृ. जोशींसारख्या माणसांनी हे काम केले. बोरूने जे हाताला कळते, ते त्यांनी यंत्राला कळेल अशा रीतीने सांगितले.

आणि माझी लाज पुढेच आहे. २००३ मध्ये ज्या प्रकारच्या यंत्रावर मी रात्ररात्र बसलो, त्यात ‘मंगल’ होता. थोडी खटपट करून तो चालू करावा लागे, एवढेच. मी अंगवळणी पडलेल्या जुन्या वळणात टंकत राहिलो. दार उघडे होते आणि मी भिंतीतून वाट काढत होतो.

मग श्रावण २०१९. दोन दिवस पावसाची झड लागली होती. झाडे पडून तारा तुटल्या होत्या, गावात वीज नव्हती. बुवांचे शेवटचे आहे असा निरोप आला म्हणून आम्ही मंडळाचे सात-आठ जण चिखल तुडवत पोचलो. बुवा पडून होते, श्वास लागला होता. हरिपाठ म्हणा, असे त्यांनी खुणेने सांगितले. आम्ही सुरू केला. सुरुवातीचे अभंग सगळ्यांना आले. सहा-सात झाले आणि आवाज पातळ होऊ लागले. पोरांनी खिशातून मोबाइल काढले. एकाचा बंद, दुसऱ्याचा बंद, तिसऱ्याचा मिणमिणून विझला. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हरिपाठ होता, ज्ञानेश्वरी होती, गाथा होती. बाहेर अंधार, आत चिमणी, आणि टाळ हातात घेतलेले आम्ही आठ माळकरी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होतो. माझ्या तोंडाकडे पाहणाऱ्याला तर काहीच मिळाले नसते. मी तीस वर्षे हरिपाठ म्हणतो आहे, आणि अलीकडची काही वर्षे पडद्यावर बघून म्हणतो आहे, हे मला त्या क्षणी कळले.

चुलीपाशी बुवांची म्हातारी बसली होती. आम्ही तिला आजी म्हणतो. ती म्हणाली, ‘‘तुमचे सारेच मोबाइल मेले का गा?’’ आणि जिथे आम्ही थांबलो होतो तिथून तिने उचलले. शेवटपर्यंत. एक शब्द अडला नाही. आम्ही तिच्या मागून म्हणत गेलो. पहाटे बुवांनी डोळे मिटले.

तेराव्यानंतर मी आजीच्या पाया पडून वहीचे सगळे सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, ‘‘मले लिहाले येत नाही, बापू. मले म्हनाले येते. तू लिही.’’

मी अकरा संध्याकाळी तिच्यापाशी बसलो. तिची नात मोबाइलवर टंकत होती, मी कागदावर लिहीत होतो. आजी जात्यावर बसल्यासारखी डोलत म्हणायची. मध्येच एक शब्द हरवला की ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करी आणि चालीच्या ओघात तो शब्द सापडे. आमच्या झाडीबोलीत ळ नाही. आजी ‘डोळा’ म्हणत नाही, ‘डोरा’ म्हणते. नातीने विचारले, आजोबा, शुद्ध करून लिहू का? मी म्हटले, नको. आजी म्हणते तसेच लिही. ‘डोरा’ लिहिला की यंत्र खाली लाल रेघ ओढत होते. ओढू दे म्हटले.

६३ पैकी ४१ मिळाली. बाकीची २२ कशी होती, हे आता या पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नाही. विणेकऱ्यांची नावे आजीला पाच आठवली. त्याच्या आधीची गेली.

माउली, तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात घोळते आहे. आपल्या संप्रदायाने लिहिणे आणि पाठ करणे यांत कधी भांडण लावले नाही. नेवाशाला ज्ञानोबांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. तुकोबांनी अभंग म्हटले आणि संताजी तेली जगनाड्यांनी वहीत उतरवले. वह्या इंद्रायणीत गेल्या, तेरा दिवसांनी वर आल्या, ही आपली श्रद्धा. त्याच वेळी गावोगावच्या माणसांच्या तोंडी ते अभंग होतेच, हेही आपण कीर्तनात सांगतो. दोन्ही सांगण्यात मला विरोध वाटत नाही. पाण्याने धरून ठेवले आणि लोकांनीही धरून ठेवले. पुढे छापखाना आला. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग काढले, तेव्हा छापील पोथी विटाळाची मानणारे लोक होते. मग १८६९ ते १८७३ या काळात सरकारने २४ हजार रुपये देऊन तुकोबांची गाथा छापवली, आणि ती आपल्या माजघरात आली. कागद आला म्हणून माणसे अभंग विसरली नाहीत. कागद पाठांतराला टेकू झाला.

मग आमच्या हातून हे काय झाले? आम्ही टेकूलाच भिंत समजलो. यंत्रात आहे म्हटल्यावर कंठात ठेवायची गरज वाटेना. आणि कंठ रिकामा झाला की दुसरी एक गोष्ट होते, तीही कबूल करतो. एका एकादशीला मोबाइलवर तुकोबांच्या नाममुद्रेचा एक अभंग आला. मजकूर गोड होता. मी तो चाळीस जणांना पाठवला आणि संध्याकाळी भजनात म्हटलाही. एका म्हाताऱ्या माळकऱ्याने शांतपणे विचारले, ‘‘गाथ्यात कोणत्या क्रमांकाला आहे?’’ मी घरी जाऊन गाथा चाळली. नव्हताच. ज्याला गाथा पाठ आहे त्याच्या कानाला तो अभंग लगेच परका लागला. माझ्या कानाला लागला नाही.

पाठभेदाचे दुखणे नवे नाही. हाताने नकला करतानाही चुका शिरत. म्हणून तर नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला. ज्ञानोबांच्या नंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. तेव्हा एक चुकीची प्रत तयार व्हायला महिने लागत. आता अंगठा दाबला की चाळीस. नाथमहाराजांचे ते काम आता थोडे थोडे आपल्या प्रत्येकाकडे आले आहे. पुढे पाठवण्याआधी गाथा उघडून बघणे, एवढी तरी सेवा आपल्या हातात आहे.

मी मोबाइलच्या विरोधात बोलतो आहे असे समजू नका. गेल्या आषाढीत रोवणीच्या बायका बांधाच्या धुऱ्यावर भाकर खायला बसल्या होत्या. एकीच्या मोबाइलवर वाखरीचे रिंगण चालू होते. अश्व धावला तशी चिखलाने माखलेल्या सगळ्यांनी हात जोडले. आमच्या आजीच्या आईला हे कधी दिसले नाही. हे ज्यांनी घडवले, त्या सगळ्यांचे ऋण आहे. जॉब्जचे आहे, आणि ज्यांची नावे टीव्हीवर आली नाहीत त्यांचेही आहे.

र. कृ. जोशींचा विचार मी करतो तेव्हा मला सच्चिदानंदबाबा आठवतात, संताजी आठवतात. ज्याच्या हातून अक्षर आले तो अक्षराच्या मागे राहिला. ज्ञानेश्वरी वाचताना आपण लेखकूचे नाव घेतो ते शेवटी, एकदाच. आजीच्या नातीने ४१ भजने ज्या अक्षरांत टंकली, त्यामागे अशा किती हातांचे श्रम आहेत, हे तिला ठाऊक नव्हते. मी सांगितले. तिने विचारले, ‘‘मग त्यांचं नाव कुठे लिहायचं?’’ मला उत्तर सुचले नाही. आजी म्हणाली, ‘‘वहीत लिहा ना. मागच्या पानावर.’’

आता नवी वही आमच्याकडे तीन ठिकाणी आहे. एक मोबाइलमध्ये, एक छापून देवळात, आणि एक पोरांच्या तोंडी. तिसरी अजून पुरी झालेली नाही. दर गुरुवारी एक भजन पाठ करायचे, मोबाइल देवळाबाहेर चपलांपाशी ठेवायचे, असा नेम केला आहे. आतापर्यंत १९ झाली. माझी १४. आजी हसते.

तुमच्या गावातही अशी एखादी वही असेल, आणि ती म्हणणारी एखादी आजी असेल. वही आधी सापडली तर वही उतरवा, आजी सापडली तर आधी तिच्यापाशी जाऊन बसा. वाळवी वाट पाहत नाही, आणि वयही पाहत नाही.

मागच्या पानावर आम्ही पाच विणेकऱ्यांची नावे लिहिली, त्याखाली बुवांचे लिहिले. त्याखाली एक ओळ सोडून, अक्षरे देणारे र. कृ. जोशी, असे लिहिले. आजीचे नाव लिहायला गेलो तर तिने हात धरला. म्हणाली, अजून मी म्हणते आहे.

रामकृष्णहरी.